टार्गेट संपलं, व्यायाम थांबला, आणि मग हळूहळू परत सुरू झाला

हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्यावर माणसाचा व्यायाम बंद पडू शकतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वासच ठेवला नसता. २१.१ किलोमीटर, त्यासाठी जवळजवळ वर्षभराची तयारी, आठवड्यातून चार दिवस धावणं, त्यातला एक लांबचा रन, दोन दिवस स्ट्रेंथ म्हणजे ताकदीचा व्यायाम, सगळं एका शीटमध्ये लिहिलेलं आणि मी ते मन लावून केलेलं. शर्यत छान झाली. नंतर दोन आठवडे आराम करायचा असं प्लॅनमध्येच होतं, तो केला. तिसऱ्या आठवड्यात अलार्म वाजला तेव्हा उठून करायचं काय आणि कशासाठी हेच कळेना, कारण शीटमध्ये पुढची ओळच नव्हती. तिथून पुढे सात-आठ महिने मी काहीही केलं नाही.

हे सगळं लिहितेय कारण नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी भरपूर सल्ले मिळतात, पण सोडून परत येणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो असं माझं ठाम मत झालंय. नवीन माणसाला रोज काहीतरी नवीन जमतं, काल पाच मिनिटं चाललो आज सात चाललो, त्याचा आनंद असतो. परत येणाऱ्याच्या डोक्यात जुना आकडा बसलेला असतो आणि आज जे काही होईल ते त्या आकड्यापुढे कमीच वाटतं. म्हणजे व्यायाम करून घरी यायचं आणि नाराज व्हायचं, असं किती दिवस कोण करेल?

त्या सात-आठ महिन्यांत मी व्यायामाचा विचार केला नाही असंही नाही, उलट रोज केला. सोमवारपासून, एक तारखेपासून, वाढदिवसापासून. ही सोमवारची ओढ खरी असते बरं का, २०१४ मध्ये केटी मिल्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की आठवडा, महिना, वर्ष किंवा सेमिस्टर नवीन सुरू झालं की लोकांचं जिमला जाणं वाढतं, मागचं सगळं मागे पडलं आणि आपण आता नव्याने सुरू करतोय असं वाटतं म्हणून. मलाही प्रत्येक वेळी तसंच वाटायचं आणि मी खरंच उठायचे सुद्धा. पण ती ओढ दोन-चार दिवस पुरते, पुढच्या बुधवारचं काय ते ती सांगत नाही.

अशाच एका सोमवारी मी शूज घातले आणि जुन्या पेसने, म्हणजे जुन्या वेगाने, पाच किलोमीटरला निघाले. दोन किलोमीटरच्या आसपास अशी धाप लागली की कमरेवर हात ठेवून उभी राहिले. पुढचे तीन दिवस पोटऱ्या आणि मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. (हे दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे असतं असं अजूनही सगळीकडे ऐकू येतं, पण ते तर व्यायाम संपल्यावर तास-दीड तासात शरीरातून निघून जातं. एक ते तीन दिवसांनी चढणारं दुखणं सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं.) पण दुखण्यापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच, इतकी मेहनत घेतली होती आणि त्यातलं काहीच उरलं नाही असं वाटलं.

तर ते तसं नसतं. मी तेव्हा बसून वाचलं आणि मला फार आधार वाटला म्हणून जरा सविस्तर लिहिते. धावणं थांबवलं की सगळ्यात आधी दम जातो, दोन-तीन आठवड्यांतच फरक पडायला लागतो. याचं मुख्य कारण म्हणजे रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो, मग हृदय एका ठोक्यात आधीइतकं रक्त ढकलू शकत नाही, म्हणून तेवढ्याच वेगाला ठोके जास्त पडतात. तीच ती धाप. पण हा प्लाझ्मा परत वाढतोही लवकर, व्यायाम सुरू केल्यावर काही दिवसांतच वाढायला लागतो. ताकद त्यामानाने बरीच टिकते आणि एकदा कमावलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते असा बहुतेकांचा अनुभव आहे. उशीर लागतो तो टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, आणि हाडांना. परत येणाऱ्याचा धोका नेमका इथे आहे, दम आणि उत्साह आधी येतो, नडगी आणि टाच मागे असतात, आणि आपण दमावर विश्वास ठेवून पळत सुटतो.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ती आयुष्यात कधी धावलेली नाही, पण चालणं तिने कधी सोडलं नाही. माझं सगळं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "अगं, तू आधी किती धावायचीस ते सोड ना. आत्ता काय केल्यावर तुला बरं वाटतं ते सांग." मी विचार केला आणि म्हटलं, चालल्यावर. "मग चाल की." मी म्हटलं, ताई, त्याने काय होणार? तर म्हणाली, "उद्या परत जावंसं वाटेल, अजून काय पाहिजे तुला?"

मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका वाक्यात होती. नंतर कळलं की यावर बरंच संशोधनही झालेलं आहे. पँटेलेइमॉन एकेकाकिस नावाच्या संशोधकाने वर्षानुवर्षं हेच बघितलंय की व्यायाम चालू असताना माणसाला कसं वाटतं. ज्या वेगाला आपण सहज बोलू शकतो तिथपर्यंत बहुतेकांना बरं वाटतं, श्वास जड व्हायला लागला की त्यापुढे बहुतेकांना वाईट वाटायला लागतं, आणि आपल्याला कसं वाटलं त्याचा संबंध पुढे आपण व्यायाम चालू ठेवतो की नाही याच्याशी असतो. २०१६ च्या एका प्रयोगात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना व्यायाम सोप्याकडून अवघडाकडे नेत करायला लावला आणि काहींना उलट, अवघडाने सुरुवात आणि शेवट सोपा. एकूण मेहनत सारखीच, पण ज्यांचा शेवट सोपा होता त्यांना तो व्यायाम जास्त आवडला आणि नंतर आठवतानाही तो त्यांना जास्त चांगला आठवला. मी वर्षभर नेमकं उलटं करत आले होते, शेवटचा किलोमीटर सगळ्यात जोरात. शर्यतीच्या तयारीत ते चालतं, कारण तेव्हा टार्गेट ओढत असतं. टार्गेट नसताना ओढायला आठवण सोडून दुसरं काही नसतं.

मग मी एकच नियम ठरवला. व्यायाम संपताना अजून थोडं करता आलं असतं असं वाटलं पाहिजे. बाकी वेळ, अंतर, वेग, काही नाही.

सकाळी दात घासले की शूज, एवढंच वेळापत्रक. नुसतं करायचंय असं ठरवण्यापेक्षा अमुक झालं की तमुक असं ठरवलेलं माणसाकडून जास्त होतं, पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर नव्वदच्या दशकापासूनचं काम आहे, आणि मला ते शंभर टक्के पटलं. त्यातही अमुक वाजता असं मी ठरवलं नाही, कारण वाजायचं काम घड्याळाचं असलं की त्याला स्नूझ करता येतं, दात घासून झालेत हे स्नूझ करता येत नाही. शूज मी रात्रीच बाथरूमच्या दाराबाहेर ठेवायचे, मोजे आत घालून. पहिल्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की डाव्या बुटाची लेस टोकाला उसवलीये, प्लास्टिकचं टोपण निघून गेलंय, आणि ती भोकातून ओवायला बोटं ओली करून पीळ द्यावा लागतो. फार तर अर्ध्या मिनिटाचं काम, पण सकाळी डोळ्यांवर झोप असताना तेवढा वेळ 'जाऊ दे आज' म्हणायला पुरेसा असतो. एक दिवस तर मी खरंच लेस हातात धरून बसून राहिले होते. संध्याकाळी नवीन लेस घालून टाकली. लोक मोटिव्हेशन शोधत असतात, मी म्हणेन आधी अशा उसवलेल्या लेस शोधा, प्रत्येकाच्या घरात एखादी असते. कुणाची मॅट कपाटात सगळ्यात खाली असते, कुणाच्या इअरफोनला चार्जिंग नसतं.

घड्याळ मी काढून ठेवलं. ते महत्त्वाचं होतं. मनगटावर पेस दिसला की मी लगेच मागच्या वर्षीच्या मला भेटायचे आणि आजची सकाळ खराब व्हायची. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात एक शब्द लिहायचे, आल्यावर कसं वाटलं तो. बरं, छान, जड, कंटाळा, मस्त. किती चालले ते नाही. काही आठवड्यांनी ते पान बघितलं तेव्हा 'जड' कुठे कुठे आहे ते दिसायला लागलं, बहुतेक वेळा आदल्या रात्री झोप कमी झालेली किंवा आदल्या दिवशी 'मस्त' वाटलं म्हणून मी जास्त ताणलेलं. ही माहिती मला कुठल्याच ॲपने दिली नव्हती.

सुरुवातीला दहा मिनिटं चालायचे, कधी सहा-सात. एवढ्याने काही होत नाही असं मनात यायचं तेव्हा मला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइन्सचा खूप उपयोग झाला. आधी त्यांचं म्हणणं असायचं की एका वेळी किमान दहा मिनिटं सलग केलं तरच ते मोजायचं, २०२० मध्ये त्यांनी ती अट काढून टाकली. मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हे आहेच, पण त्यात प्रत्येक मिनिट धरलं जातं, आणि काहीच न करण्यापेक्षा थोडं करणं चांगलं हे त्यांनी सरळ शब्दांत लिहिलंय. माझी सात मिनिटं सात म्हणूनच मोजली जाणार होती. बास झालं की मग.

दोन-तीन आठवडे मजेत गेले. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळेच म्हणतात ना, तर त्याची काही मला लक्षणं दिसेनात. उलट महिना झाल्यावर खरा कंटाळा सुरू झाला, नवेपणा गेला आणि फायदा दिसायला अजून वेळ होता. मधला हा काळ सगळ्यात वाईट आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितेय. फिलिपा लॅली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एक नवीन सवय लावायला सांगितली होती, २०१० मध्ये तो पेपर आला. त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. आणि व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. म्हणजे महिन्याभरात कंटाळा येणं हे काही बिनसल्याचं लक्षण नाही, आपण मध्यावरसुद्धा नसतो तेव्हा. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. ज्यांना स्ट्रीक, म्हणजे न चुकता केलेल्या दिवसांची साखळी, तुटली की सगळं सोडून द्यावंसं वाटतं त्यांनी हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कंटाळ्याच्या त्या आठवड्यांत मी एक ऑडिओ मालिका फक्त चालतानाच ऐकायची असं ठरवलं, घरात बसून नाही. रहस्यकथा होती, भाग नेमका अडकवून संपायचा, त्यामुळे दोन-तीन सकाळी तर मी निव्वळ पुढे काय झालं म्हणून बाहेर पडले. पुढे त्याची गरज राहिली नाही. आता मला कानात काही नसलेलंच आवडतं, पण त्या वेळी त्या मालिकेने मला धरून ठेवलं हे खरं आहे.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी. माझा फक्त व्यायामातला रस गेला होता, बाकी कामात, वाचनात, माणसांत मन लागत होतं. जर कुणाचं कशातच मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर तो व्यायामाचा प्रश्न नाही, कृपया डॉक्टरांशी बोला, स्वतःला आळशी म्हणत बसू नका. आणि बऱ्याच काळाने सुरू करताना छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काही झालं तरीही तेच.

चालणं रुळल्यावर आठवड्यातले दोन दिवस घरी आल्या आल्या शूज काढायच्या आधी थोडा ताकदीचा व्यायाम जोडला. शूज काढले की संपलं असं शरीराला वाटतं म्हणून आधीच. भिंतीला हात टेकवून पुशअप, खुर्चीवरून उठबस, टाचा उचलून पंजांवर उभं राहणं. भिंतीवरचे पुशअप म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाय भिंतीपासून जरा मागे घ्या, शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेषेत ठेवा, कोपरं बाहेर फाकू देऊ नका आणि खाली जाताना मनात तीन मोजा, मग कळतं. भिंत सोपी झाली की टेबलाची कड, मग पलंगाची, मग जमीन. जमिनीवर यायला मला तीनेक महिने लागले असतील आणि एकदाही खांदा दुखला नाही.

मग ताप आला. आठवडाभर अंथरुणात आणि पुढचे काही दिवस अशक्तपणा. आधीची मी असते तर इथेच कथा संपली असती, पण या वेळी मी ताप येण्याच्या कितीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं की मोठा खंड पडला की परतीच्या दिवशी काय करायचं, शूज घालून पाच मिनिटं, बरं वाटत असलं तरी पाचच. तसं केलं. त्या दिवशी चौकोनात 'जड' लिहिलं, दुसऱ्या दिवशीही 'जड', तिसऱ्या दिवशी 'बरं'. मला त्या तीन शब्दांचं मेडलपेक्षा जास्त अप्रूप वाटलं, खरंच. शर्यत एकदा धावता येते, पण खंड पडल्यावर परत येता येतं हे कळलं की पुढच्या खंडाची भीती जाते. आणि खंड तर पडणारच आहेत, आजारपण आहे, कामाचे दिवस आहेत, घरातली दुखणीखुपणी आहेत.

धावणं मी अगदी शेवटी आणलं आणि तेही चालण्यात मिसळून, एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. जेफ गॅलोवे, जो १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावला होता, त्याने हा प्रकार लोकांमध्ये रुजवला, त्यामुळे हे कमीपणाचं आहे असं मानायचं काही कारण नाही. एकदा उत्साहात धावण्याची मिनिटं भराभर वाढली तर नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, बोटाने दाबलं की लांबट पट्ट्यात दुखायचं, मग दोन आठवडे परत नुसतं चालणं. तेव्हा पण कॅलेंडरवर 'बरं' आणि 'छान' येतच होते. आता आठवड्यातून तीन दिवस धावते, बोलता येईल इतक्या वेगाने, आणि शेवटची पाच मिनिटं कायम चाल. घड्याळ परत घातलंय, पण आकडे घरी आल्यावर बघते.

धावणाऱ्या मैत्रिणी विचारतात, पुढची शर्यत कधी? मला शर्यतीबद्दल काही राग नाही, तो दिवस फार सुंदर होता. पण या वर्षी नाही म्हणून सांगितलंय. ज्यांना नाव नोंदवल्याशिवाय उठवत नाही त्यांनी जरूर नोंदवा, फक्त शर्यतीनंतरच्या महिन्यात रोज सकाळी काय करणार तेही त्याच दिवशी लिहून ठेवा, माझं तेच राहिलं होतं.

सध्या नवीन काम म्हणजे ताई. परवा म्हणाली, चालते मी सगळं, पण खाली बसलं की उठताना हात टेकवावा लागतो, ते तुझं खुर्चीचं मला शिकव. व्हिडिओ कॉलवर करतो आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी. तिच्यासाठी घरातली सगळ्यात उंच खुर्ची निवडली, भिंतीला टेकवून ठेवली म्हणजे सरकणार नाही, पाय खांद्याइतके लांब, आधी थोडं पुढे वाकायचं आणि मग टाचांवर जोर देऊन उठायचं, बसताना धपकन नाही. पहिल्या दिवशी पाच वेळा झाल्यावर ती अजून करू का म्हणाली. मी म्हटलं, नको, आता शुक्रवारी.